जुन्या कॅम्पर व्हॅनचं गळकं छत

पाणी छताच्या पट्ट्यांवरून वाहत भलतीकडेच टपकतं, म्हणून डागावर विसंबू नका. पाइपाने खालून वर पाणी मारत गेलो, तेव्हा टपावरच्या खिडकीची चौकट गळताना दिसली. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन थापलेलं होतं. ते धरतच नाही. स्क्रू काढून सगळा थर खरवडला, गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्राइमर) मारला. वाळल्यावर चौकटीखाली 3 मिमी ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावली. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. नाहीतर टेप एका बाजूने पिळून निघते. कडेने पॉलियुरेथेन सीलंट, मग 24 तास पाणी नको. सामानासाठी पुण्यातली नाना पेठ. पुण्यात हे मेमध्येच उरकावं, जूनमध्ये पत्रा कोरडा राहत नाही. आतल्या प्लायवुडमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक रुतलं, तर ते कुजलंय, तो तुकडा बदलाच.