आधी कापड शिवावे, मग कानातले कापावे

कापडी दागिने करू लागले तेव्हा पहिली कित्येक कानातली मी उलट्या क्रमाने केली; आधी गोल कापले आणि मग त्यांवर टाके घातले. दाट धावदोरा घातला की कापड आकसते आणि जोडीतले दोन गोल सारखे राहत नाहीत, हे पुण्यातल्या एका प्रदर्शनात गिऱ्हाईक बाईंनी माझी जोडी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आले. आता मी गोधडीसारखे थर रचून वीतभर कापड शिवते आणि मगच त्यातून दागिना कापते. नवशिक्यांनी पहिल्या दिवसापासून हाच क्रम धरावा.

खण, अस्तर आणि कटपीस रविवार पेठेत व लक्ष्मी रस्त्यावर सहज मिळतात. गडद रंगाचे कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग जातो का ते पाहावे. मी खाली पॉपलीन, मध्ये वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे दोन थर आणि वर खण घेते. याहून थर वाढले की सुई ओढावी लागते आणि मागचे टाके वेडेवाकडे पडतात. कच्चा दोरा घालून झाल्यावर शिवण मधून सुरू करावी, म्हणजे कापडाचा फुगा कडेकडे सरकतो. कडेपासून आत आल्यास तो मध्येच अडकतो.

मला सर्वांत प्रिय आहे ते थर उकलण्याचे काम. टाक्यांच्या ओळी उरेब, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरप्या, पाऊण सेंटीमीटर अंतराने घालाव्यात आणि दोन ओळींच्या मधोमध सर्वांत खालचा थर सोडून बाकीचे बारीक टोकाच्या कात्रीने चिरावेत. नंतर ओल्या दातब्रशने घासले की कडा फुलून येतात आणि हिरव्या खणाखालून लाल सुताची रेघ डोकावते. सरळ धाग्यात चिरले, तर दशा सुटून ओळच निघून येते.

कापलेल्या आकाराची कड काजाच्या टाक्याने बांधावी आणि कडी त्या टाक्यांतच ओवावी. कापडाला भोक पाडून घातलेली कडी वजनाने ते फाडते.

वीतभर कापडाला माझे पाच तास जातात आणि त्यातून रुपयाएवढ्या गोलांच्या सहा जोड्या निघतात. म्हणून किंमत ठरवताना कड बांधण्याच्या वेळेत या शिवणीचा सहावा हिस्सा, म्हणजे जोडीमागे पन्नास मिनिटे, न विसरता धरावीत.