जुन्या दगडी भिंतीच्या दरजा चुन्यानेच भरा

शेतावरचं जुनं कोठार असो की गावातलं चर्च, चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंट लावू नका. भिंतीतली ओल सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल दगडात मुरते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

भुसभुशीत झालेला जुना चुना हातोडी-छिन्नीने काढा. ग्राइंडर नको, दगडाच्या कडा जातात. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी. धूळ ब्रशने झाडून सांधे नीट भिजवा. इथेच बहुतेक जण घाई करतात: कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषतो आणि भरलेली दरज भुगा होऊन गळते.

मिश्रणासाठी एक भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा), तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. बारीक वाळूने तडे जातात. पाणी बेताचंच, मूठ वळली पाहिजे. थापीने आत दाबून भरा, बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशने ठोका. मग ओलं गोणपाट आठवडाभर.

पारा ५ अंशांखाली असेल तर काम थांबवा. चुना डोळ्यांना भाजतो, डोळे झाकणारा संरक्षक चष्मा हवाच.