मुलांना जपानमध्ये शिकवायचंय? तिकीट काढण्याआधी या चुका टाळा

मार्च संपत आला की तोक्योच्या निशि-कासाई भागातल्या मराठी घरांत एक काम हमखास चालू असतं. पहिलीत जाणाऱ्या मुलाचा गणिताचा डबा उघडायचा आणि त्यातल्या प्रत्येक मण्यावर, प्रत्येक काडीवर, खेळण्यातल्या प्रत्येक नाण्यावर मुलाचं नाव चिकटवायचं. स्टिकर तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे. माझ्या लेकीच्या वेळी मला दोन रात्री लागल्या. शिवाय फरशी पुसायची फडकी द्यायची, कारण वर्ग मुलंच झाडतात-पुसतात. वर्गात घालायचे वेगळे बूट, त्यांची पिशवी, पिशवीवर पुन्हा नाव.

ही सगळी यादी पाहून आई-बाबा घाबरतात, पण ती निभते. शेजारीण मदत करते, दुकानात सगळं मिळतं. निभत नाही ते वेगळंच, आणि ते बहुतेक वेळा भारतातून निघण्याआधीच घडून गेलेलं असतं. नव्याने आलेल्या कुटुंबांबरोबर फॉर्म भरायला मी वॉर्ड ऑफिसात जाते. तिथे वारंवार दिसलेल्या चुका इथे लिहिते आहे. जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकच: जपानी शिक्षणात मुलाचं वय आणि शाळेचं वर्ष सुरू होण्याचा एप्रिल महिना या दोन गोष्टी सहजासहजी हलत नाहीत. ‘मुख्याध्यापकांना भेटून काहीतरी करू’ या भरवशावर कृपा करून इथे येऊ नका.

‘शाळेकडून बोलावणं येईल’ म्हणून थांबणं

जपानमध्ये ६ वर्षं प्राथमिक आणि ३ वर्षं माध्यमिक असं ९ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आहे, पण ही सक्ती जपानी नागरिकांवर आहे. परदेशी मुलांना सरकारी शाळेत प्रवेश मिळतो, फी नाही, पाठ्यपुस्तकंही मोफत. मात्र अर्ज आपण करायचा. २०१९ साली शिक्षण मंत्रालयाने देशभर पाहणी केली, तेव्हा सुमारे २० हजार परदेशी मुलं शाळेत जात नसावीत असं समोर आलं. तो आकडा वाचल्यापासून मी भेटेल त्या नव्या कुटुंबाला हेच आधी विचारते, की अर्ज दिलात का?

राहायला आल्यावर १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो. त्याच फेरीत शिक्षण विभागाच्या खिडकीवर जा आणि एक प्रश्न नक्की विचारा: परदेशी मुलांसाठी जपानी भाषेचा वेगळा वर्ग कोणत्या शाळेत आहे? तो प्रत्येक शाळेत नसतो, आणि शाळा साधारणपणे पत्त्यावरून ठरते. म्हणून खरं तर हे घराचा करार करण्याआधीच विचारायला हवं.

इयत्ता आपण ठरवू, असं धरून चालणं

२ एप्रिल २०१८ ते १ एप्रिल २०१९ या काळात जन्मलेलं मूल एप्रिल २०२५ मध्ये पहिलीत. भारतात दुसरी झालीय की पहिली, याला इथे फारसा अर्थ नाही. मार्चअखेर जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान असतं आणि ते पहिली दोन-तीन वर्षं जाणवतं. ‘एक वर्ष मागे बसवा’ ही विनंती क्वचितच मान्य होते. त्यापेक्षा वर्गशिक्षकांना मुलाच्या जन्माचा महिना आणि भाषेची अडचण दोन्ही मोकळेपणाने सांगा. शिक्षक ऐकून घेतात.

अर्धं इकडे, अर्धं तिकडे

सगळ्यात जास्त नुकसान मी या चुकीने झालेलं पाहिलंय, म्हणून इथे जरा थांबते.

तोक्योत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. २००४ साली कोतो वॉर्डात इंडिया इंटरनॅशनल स्कूल सुरू झालं, २००६ साली ग्लोबल इंडियन. दोन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलेल्या कुटुंबाला हा सरळ मार्ग आहे. परत गेल्यावर मूल आपल्या इयत्तेत बसतं. पण फी मोठी. त्यामुळे अनेक जण ‘तोवर जपानी शाळेत घालू’ म्हणतात. मूल वर्षभरात मैदानावर फडाफडा जपानी बोलू लागतं आणि आई-बाबा निर्धास्त होतात.

मैदानावरची भाषा आणि पुस्तकातली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत ८० कांजी (जपानी लिहिण्यात वापरली जाणारी चिनी अक्षरं) शिकवतात, सहावी संपेपर्यंत १,०२६. चौथीच्या आसपास भूगोल, विज्ञान, गणिताची शाब्दिक उदाहरणं सगळी त्या अक्षरांवर उभी राहतात. आमच्या इमारतीतला एक मुलगा पाढे मराठीत धडाधड म्हणायचा, पण चौथीच्या उदाहरणात ‘उरलेले’ या अर्थाचा शब्दच त्याला कळला नव्हता. तो बेरीज करून मोकळा व्हायचा. घरच्यांना वाटलं गणित कच्चं आहे. त्यांनी घाबरून पाचवीत त्याला इंग्रजी माध्यमात हलवलं. तिथे इंग्रजी वाचन दुसरीच्या मुलाइतकं. आता मराठी घरापुरती, जपानी मैदानापुरती, इंग्रजी अर्धवट. शिकण्याची अशी एकही भाषा त्याच्या हातात उरली नाही.

तेव्हा ठरवायचं ते हे, की मूल बारावीपर्यंत कुठल्या भाषेत शिकणार? पाच वर्षांहून जास्त राहायची शक्यता असेल आणि मूल आठ वर्षांच्या आतलं असेल, तर माझं मत स्पष्टपणे जपानी शाळेच्या बाजूने आहे. मात्र मग रोज रात्री वीस मिनिटं त्याच्या पुस्तकातलं मोठ्याने वाचून घ्यायला हवं, आपल्याला समजत नसलं तरी. वाचनाच्या गृहपाठावर पालकांची सही असते. ती न ऐकता करू नका. अडचण आधीच झाली असेल, तर शाळा बदलण्यापूर्वी एक करून बघा. तेच उदाहरण मुलाला मराठीत सांगा. सुटलं तर गणित ठीक आहे, मदत भाषेला हवी.

पंधराव्या वर्षीचा खड्डा

कोको म्हणजे आपली दहावी ते बारावी. ती सक्तीची नाही आणि प्रवेश परीक्षेनेच मिळतो. परीक्षा प्रामुख्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये. आता आपलं मूल बघा: पुण्यात नववी संपली, वय पंधरा पूर्ण, बाबांची बदली, सगळे जूनमध्ये तोक्योत. सरकारी माध्यमिक शाळा वय उलटलं म्हणून सहसा घेत नाही. कोकोची परीक्षा होऊन गेलेली. मूल पुढचा मार्च येईपर्यंत घरात बसतं, आणि त्या वयात दहा महिने मित्रांविना काढणं काय असतं हे मी एका मुलीच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

जमत असेल तर आठवी संपताच या, म्हणजे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षात शिरता येतं. ते जमणार नसेल तर मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून बारावी होऊ द्या आणि मग विद्यापीठासाठी आणा. आधीच येऊन अडकला असाल तर वॉर्ड ऑफिसात कोको प्रवेशाच्या मार्गदर्शन सभेची चौकशी करा. जपानी मातृभाषा नसलेल्या कुटुंबांसाठी त्या बऱ्याच प्रांतांत होतात, दुभाषेही असतात. तोक्यो, कानागावा, ओसाका अशा ठिकाणी परदेशी मुलांसाठी काही सरकारी कोकोंत वेगळ्या जागा असतात, पण जपानला येऊन किती वर्षं झाली याची अट असते. ती आधी तपासा. नऊ वर्षांचं शालेय शिक्षणच पूर्ण नसेल तर रात्रीच्या माध्यमिक शाळा आहेत.

आणखी एक: जपानमधल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेतून नववी केली म्हणून सरकारी कोकोची परीक्षा देता येईलच असं नाही. त्या शाळेला कायद्याने काय दर्जा आहे, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारून घ्या.

‘आम्ही व्हेज आहोत’ एवढंच सांगणं

शाळेतल्या जेवणाला क्युशोकु म्हणतात. त्यात मांस नसलेलं सूपही बहुधा माशाच्या अर्काचं, म्हणजे दाशीचं असतं. त्यामुळे काय चालत नाही ते एकेक लिहून द्या: मांस, मासे, दाशी, अंडं. महिन्याचा मेन्यू आधी घरी येतो. कुठल्या दिवशी डबा ते त्यावर खूण करून शिक्षकांना परत पाठवा. डबा गरम करून मिळेल हे गृहीत धरू नका.

बारावीनंतर येणाऱ्यांसाठी: २८ तासांचं गणित

‘पार्ट-टाइम करून फी निघते,’ असं एजंट सांगतात. गणित स्वतः मांडा. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. ताशी १,२०० येन धरले तर चार आठवड्यांचे सुमारे १ लाख ३४ हजार येन. तोक्योत खोली, जेवण, रेल्वे आणि आरोग्य विमा यातच ते संपतात. जपानी भाषा-शाळेची वर्षाची फी साधारण ७ ते ९ लाख येन, ती घरूनच यावी लागते. शिवाय भाषा येत नसताना पहिले काही महिने काम मिळणंच कठीण. दोन ठिकाणी काम करून तास लपवता येत नाहीत. कराच्या नोंदीत मिळकत दिसते आणि व्हिसाची मुदत वाढवताना प्रकरण अंगाशी येतं.

एप्रिल इथेही आडवा येतो. भाषा-शाळेत एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत प्रवेश मिळतो, पण बहुतेक अभ्यासक्रम मार्चमध्येच संपतात. एप्रिलमध्ये आलात तर दोन वर्षं, जानेवारीत आलात तर सव्वाच वर्ष. परदेशी विद्यार्थ्यांची विद्यापीठ प्रवेश परीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये. हिरागानापासून, म्हणजे जपानीच्या मुळाक्षरांपासून सुरुवात करणाऱ्याला जानेवारीत पाठवलं, तर पहिली परीक्षा पाच महिन्यांवर येते. असा मुलगा मग मिळेल त्या व्यावसायिक महाविद्यालयात जातो आणि पुढे विषयाशी जुळणारी नोकरी नसेल तर कामाचा व्हिसा अडतो. म्हणून आधी पुण्या-मुंबईत राहून एन४ (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) तरी करा, आणि एप्रिलच्या जागेसाठी आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासूनच कागद गोळा करा. राष्ट्रीय विद्यापीठांची ठरवून दिलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आहे. तोक्यो विद्यापीठाने २०२५ पासून ती ६,४२,९६० केली. म्हणजे भाषा पक्की करून नीट प्रवेश मिळवला तर विद्यापीठाचं वर्ष भाषा-शाळेच्या वर्षापेक्षा स्वस्त पडू शकतं.

भाषा-शाळेतली हजेरी घसरली असेल, तर व्हिसा वाढवायच्या महिन्याची वाट पाहू नका. आजारपणाची डॉक्टरची चिठ्ठी असेल ती घेऊन याच आठवड्यात शाळेच्या कार्यालयात जा आणि आजवरची टक्केवारी छापून मागा.