खर्रा, शाळा आणि सिद्धांत: व्यसनप्रतिबंधात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून या कामात येणारे बहुतेकजण पहिल्याच आठवड्यात तोंडाच्या कॅन्सरचे फोटो मागतात. विदर्भातल्या शाळकरी मुलांना ते फोटो नवे नाहीत. 'आमचे आजोबा रोज खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेलं मिश्रण) खातात, अजून शेतात जातात,' असं उत्तर येतं आणि तास तिथेच संपतो.

इथे हेल्थ बिलीफ मॉडेल कामी येतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत टीबीच्या मोफत एक्स-रेला लोक का येत नाहीत, या प्रश्नातून ते घडलं. धोका गंभीर आहे हे कळणं वेगळं, आणि तो मला आहे हे वाटणं वेगळं. फोटो फक्त पहिलं काम करतात. म्हणून मी चौदा वर्षांच्या मुलाशी कॅन्सरवर कमी आणि खर्र्यामुळे आज कमी उघडणाऱ्या तोंडावर जास्त बोलते.

पण एकच सिद्धांत नीट शिकायचा असेल, तर मानसशास्त्रज्ञ आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा घ्या. कार्यक्रम आखण्याआधी मुलांना तीन गोष्टी विचारा: यातून काय मिळतं, कोणाला चालतं-कोणाला चालत नाही, आणि नको म्हणणं कशामुळे सोपं किंवा अवघड होतं. मत बनवून जाऊ नका, त्यांचेच शब्द वहीत उतरवा. 'पोट साफ होतं', 'टाइमपास' ही उत्तरं येतातच. खरं वजन दुसऱ्या प्रश्नात असतं. पाहुण्यापुढे खर्रा ठेवला जातो, बापच पोराला पानठेल्यावर पिटाळतो. अशा घरातल्या मुलाला तासभर समजावून काय होणार? तेव्हा पालकसभा आधी घ्या. मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हे तिथे सांगा. बरेच बाप पहिल्यांदाच ऐकतात.

'सगळेच खातात' हा मुलांचा अंदाज बहुधा वास्तवापेक्षा मोठा असतो. निनावी चिठ्ठ्यांतून खरा आकडा काढून दाखवता येतो. मात्र चिठ्ठ्या आधी एकट्याने मोजा. आकडा खरोखरच मोठा निघाला, तर तो फळ्यावर लिहिणं म्हणजे खर्र्याची जाहिरात.

मानसशास्त्रज्ञ बँड्युरा ज्याला स्व-क्षमता म्हणतात, म्हणजे 'हे मला जमेल' हा विश्वास, तो सरावाने येतो, भाषणाने नाही. नकाराचे प्रसंग मुलांकडूनच, त्यांच्या बोलीत करवून घ्या. 'तोंड आलंय' ही त्यांची थाप मला आमच्या पुस्तिकेतल्या ठाम नकारापेक्षा जास्त पटते. आदर्श म्हणून डॉक्टर नको, कबड्डी खेळणारा अकरावीचा मुलगा आणा. वर्गात पोलिसांनी शिकवायचा अमेरिकेतला 'डेअर' हा व्यसनविरोधी कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला, गाजला. पण मुलांच्या सेवनावर त्याचा फारसा परिणाम नाही, असंच पुढच्या अभ्यासांत दिसलं.

परदेशी साहित्य वापरताना एवढं बघा: २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, आणि धूम्रपान करणारे प्रौढ मात्र फक्त ३.८ टक्के. सिगारेट नाकारण्याचे धडे आहेत तसे भाषांतर करून वाटले, की मुलं पुस्तिका घेतात आणि पन्नीतला खर्रा खिशातच राहतो.