ऑनलाइन गेमचे ग्राहक मोजताय? या चुका टाळा

सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या फलाटावरची माणसं मोजून शहरात रेल्वेचे पासधारक किती, हे सांगता येत नाही. गेमच्या बाबतीत मात्र सर्रास तेच होतं. ऐरोलीत गेम बनवू पाहणाऱ्या मुलांचे प्रकल्प मी तपासते. गेम मनापासून केलेला असतो, पण ‘बाजार केवढा’ या पानावर हिशेब कोसळतो. फार वाईट वाटतं.

एका वेळची गर्दी म्हणजे विक्री नव्हे

स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात दिसतो तो त्या क्षणी खेळणाऱ्यांचा आकडा. ‘हेलडायव्हर्स 2’ या गेमचा स्टीमवरचा उच्चांक फेब्रुवारी 2024 मधला, सुमारे 4 लाख 58 हजार. मे महिन्यात त्याची प्रकाशक कंपनी सोनीने जाहीर केलेली विक्री 1 कोटी 20 लाख. म्हणजे साधारण 26 पट. हा 26 उचलून आपल्या गेमला लावू नका. त्या विक्रीत प्लेस्टेशनवरच्या प्रतीही आहेत, गर्दीत त्या नाहीत. शिवाय रोज तीन तास खेळला जाणारा गेम आणि फक्त शनिवारी रात्री मित्रांसोबत उघडला जाणारा गेम, यांचा गुणक (गर्दीच्या किती पट विक्री) एक कसा असेल? तुलना करायचीच तर एकाच जातीच्या गेमशी करा, आणि दोन्हींचे आकडे एकाच वेळचे घ्या. रात्री दहाचा आणि पहाटे सहाचा आकडा शेजारी मांडून काही कळत नाही.

खेळणारा आणि विकत घेणारा

जानेवारी 2024 च्या अखेरीस ‘पालवर्ल्ड’ या गेमच्या स्टीमवर 1 कोटी 20 लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या, तर एक्सबॉक्सवर 70 लाखांहून जास्त खेळाडू होते. एक्सबॉक्सवाल्यांपैकी अनेकजण गेम पासच्या (ठराविक वर्गणीत अनेक गेम खेळू देणारी योजना) वर्गणीतून आले. त्या 70 लाखांना प्रतीच्या किमतीने गुणलं की उत्पन्न फुगलंच.

‘सदस्य’ कोणाला म्हणायचं?

ऑक्टोबर 2010 मध्ये ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचे 1 कोटी 20 लाख सदस्य होते. त्याला अमेरिकेतल्या 15 डॉलरच्या मासिक वर्गणीने गुणणारे मला दरवर्षी भेटतात. चीनमध्ये लोक तासाप्रमाणे पैसे भरत, आणि कॅफेत बसून गेल्या 30 दिवसांत खेळलेलेही ब्लिझार्डच्या व्याख्येत मोजले जात. जानेवारी 2014 मध्ये कंपनीने सांगितलेली 10 कोटी खाती तर सुरुवातीपासून उघडलेली सगळी. 2015 नंतर सदस्यसंख्या जाहीर करणंच थांबलं, तेव्हा शेवटचा आकडा 55 लाखांचा होता.

नोंदणीचा आकडा सहसा फक्त चढतो. जुलै 2022 मध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमने 10 कोटी नोंदणीकृत वापरकर्ते ओलांडले. त्याच महिनाअखेरीस भारतात तो गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून हटला. ठाण्यातल्या कॅफेंतही एकाच आयडीवर चार मुलं खेळताना आणि एकाच मुलाचे तीन आयडी पाहिलेत मी.

हिशेब जुळत नसेल तर

रिव्ह्यूंच्या संख्येवरून काढलेली विक्री आणि गर्दीवरून काढलेली विक्री यांत पाचपट फरक आला, तर आधी फुकट वाटलेल्या कीज (गेम मिळवून देणारे कोड) तपासा. स्टीमवर विकत घेतलेल्यांचेच रिव्ह्यू वेगळे पाहता येतात. मग मोफत वीकेंड (शनिवार-रविवारी गेम फुकट खेळू देणं) होता का ते बघा. एप्रिल 2018 मध्ये स्टीमने खेळाडूंच्या गेमची यादी आपोआप खासगी केली, त्यामुळे अशा याद्यांवरून विक्री ताडणाऱ्या स्टीम स्पाय साइटचे त्याआधीचे आणि नंतरचे अंदाज एका आलेखात जोडू नका.

आणि 2,73,416 असा आकडा लिहू नका. ‘2 ते 3.5 लाख’ लिहा, आणि शेजारीच कोणता गुणक कुठल्या गेमवरून घेतला तेही लिहा.