कॉल चाकूहल्ल्याचा किंवा गळफासाचा निघाला तर १०८ च्या टीमने पुरावा कसा सांभाळायचा

आधी जीव. ठसा पुसला जाईल म्हणून सीपीआर थांबवायचा नाही. पण जीव वाचवता वाचवता पुरावाही वाचवता येतो, आणि त्याला वेगळा वेळ लागत नाही.

हल्लेखोर आत असेल असं वाटलं तर गाडी लांब लावा, ११२ ला कळवा, पोलीस येईपर्यंत घुसू नका. आत जाताना डॉक्टर आणि पायलट (म्हणजे गाडीचा ड्रायव्हर) दोघांनी एकाच वाटेने जायचं, त्याच वाटेने यायचं, रक्तात पाय नको, तिथला नळ, बाथरूम वापरायचं नाही. सुरा खरंच पायात येत असेल तरच सरकवा आणि कुठून कुठे सरकवला ते पोलिसांना सांगा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती कपड्यांची. घाई असते, सुऱ्याने किंवा गोळीने पडलेलं भोक आयतं दिसतं, कात्री त्यातूनच घातली जाते. तसं करू नका, भोक सोडून शिवणीच्या बाजूने कापा, कारण त्या भोकावरून हत्याराचा अंदाज येतो, आणि गोळी असेल तर कडेच्या काजळीवरून ती किती जवळून मारली ते लॅबवाले सांगू शकतात. कपडे झटकायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, ओल धरून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो, कागदी पिशवीच वापरा. गोळीबार असेल तर पेशंटचे हात स्पिरिटने पुसू नका, जमलं तर सलाईन कोपराच्या शिरेत लावा.

गळफासात गाठ सोडायची नाही, गाठीपासून लांब कापा, खालून कुणीतरी आधार द्या. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये तिला तोंड धुवायला, कपडे बदलायला लावू नका, आणि जखमेपुरतंच विचारा, बाकी खोदून खोदून विचारणं बंद.

पेशंट काही बोलला तर त्याच्याच शब्दात, वेळ टाकून लिहा. भाजलेली बाई 'दिरानं पेटवलं' म्हणाली तर तेच लिहायचं, 'घरगुती वाद' नाही. ती गेली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली हे मृत्यूपूर्व जबाब म्हणून कोर्टात येऊ शकतं, आणि कदाचित तिचं तेवढंच म्हणणं उरलेलं असतं. जखम किती मोठी, कुठे, एवढंच लिहा, गोळी इथून शिरली तिथून निघाली हे ठरवणं आपलं काम नाही.

फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. कपडे, स्ट्रेचरवर सापडलेली गोळी, जे काही असेल ते पोलिसाच्या हातात देऊन नाव, बक्कल नंबर, वेळ आणि सही घ्या.