ब्राउझर फाईलचा टाईप कशावरून ठरवतो आणि तो आपण कसा तपासायचा

अपलोडचा फॉर्म बनवताना बरेच जण जावास्क्रिप्टमध्ये फाईल.टाईप (ब्राउझरने सांगितलेला फाईलचा प्रकार) बघतात, इमेज/पीएनजी आलं की पुढे जाऊ देतात. पण ब्राउझरने फाईल उघडून बघितलेलीच नसते, तो फक्त नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन बघतो आणि त्यावरून सांगतो.

पटत नसेल तर करून बघा. कुठलाही पीएनजी फोटो घ्या, नाव बदलून शेवटी .टीएक्सटी करा, फाईल इनपुटमधून निवडा आणि कन्सोलमध्ये टाईप प्रिंट करा, टेक्स्ट/प्लेन येईल. एक्स्टेन्शन पूर्ण काढून टाकलं तर साधारणपणे रिकामी स्ट्रिंग येते आणि तीच फाईल फॉर्मडेटातून (फॉर्मची माहिती सर्व्हरला पाठवायचं जावास्क्रिप्टचं साधन) पाठवली की सर्व्हरला दिसतं अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम, म्हणजे नुसते बाइट्स आहेत, कसले ते माहीत नाही.

सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या तक्त्याच्या साध्या टेक्स्ट फाईलचा, घोळ तर सगळ्यात जास्त छळतो. ब्राउझरकडे स्वतःची यादी असते पण काही एक्स्टेन्शनसाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, विंडोजवर ही नोंद रजिस्ट्रीत (सिस्टिमच्या सेटिंग्ज साठवायच्या जागेत) असते, आणि एक्सेल टाकलेलं असेल तर टेक्स्ट/सीएसव्हीच्या जागी अ‍ॅप्लिकेशन/व्हीएनडी.एमएस-एक्सेल येऊ शकतं. म्हणजे फाईल तीच, मशीन बदललं की उत्तर वेगळं, आणि युजर बिचारा म्हणतो माझी फाईल घेतच नाहीये. म्हणून सीएसव्हीला टाईपवरून अडवू नका, सरळ पार्स करून, म्हणजे ओळी आणि रकाने वाचून बघा.

मग खरा टाईप कसा ओळखायचा, तर सुरुवातीचे बाइट्स वाचून. फाईलवर स्लाइस लावून पहिले ८ बाइट्स घ्या, अ‍ॅरेबफर करा, युइंट८अ‍ॅरेमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक बाइट आकडा म्हणून वाचता येतो. पीएनजी असेल तर १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असेच आकडे येतात. जेपेग २५५, २१६, २५५ ने सुरू होतो. पीडीएफला बहुतेक वेळा ३७, ८०, ६८, ७०, ४५ दिसतं. ८०, ७५, ३, ४ आलं तर झिप, पण लगेच झिप म्हणून नाकारू नका कारण वर्डची डॉकएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्सपण आतून झिपच असते, तिथे आतल्या फाईल्स बघाव्या लागतात.

हे सगळं ब्राउझरमध्ये केलं तरी तो युजरच्या सोयीचा भाग झाला. अ‍ॅक्सेप्ट अ‍ॅट्रिब्यूट (फाईल इनपुटवर कोणते प्रकार चालतील ते लिहितात ते) फक्त फाईल निवडायच्या खिडकीत गाळणी लावतं, आणि रिक्वेस्टमधला टाईप कोणीही हवा तो लिहून पाठवू शकतो. त्यामुळे हीच तपासणी सर्व्हरवर परत करायचीच, यात तडजोड नको.

आता उलटी बाजू, सर्व्हर फाईल देतो तेव्हा. तेव्हा कन्टेन्ट-टाईप हेडर (उत्तरासोबत सर्व्हर फाईलचा प्रकार सांगतो ती ओळ) मुख्य, पण ते नसेल किंवा काही ठरावीक प्रकारचं असेल तर ब्राउझर आतले बाइट्स हुंगतो, म्हणजे त्यावरून प्रकाराचा अंदाज बांधतो, व्हॉटडब्ल्यूजीच्या (वेबचे नियम लिहिणारा गट) स्टँडर्डमध्ये यासाठी पहिल्या १४४५ बाइट्सची मर्यादा दिलीय. कोणी फोटो म्हणून चढवलेल्यात एचटीएमएल असेल तर इथे खरा धोका आहे, कारण ब्राउझर ते वेबपान समजून त्यातली स्क्रिप्ट चालवू शकतो. म्हणून युजरच्या फाईल देताना योग्य टाईप तुम्हीच लिहा, सोबत एक्स-कन्टेन्ट-टाईप-ऑप्शन्स: नोस्निफ लावा, म्हणजे ब्राउझरला हुंगू नको असं सांगणारं हेडर. हे लावल्यावर टेक्स्ट/प्लेन म्हणून पाठवलेली स्क्रिप्ट चालत नाही, तेव्हा आधी स्वतःच्या जेएस आणि सीएसएसचे टाईप नीट आहेत ना ते नेटवर्क टॅबमध्ये बघून घ्या. एसव्हीजीत (कोडमध्ये लिहिलेलं चित्र) स्क्रिप्ट असू शकते, म्हणून ती फाईल कन्टेन्ट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट लावून डाउनलोडलाच द्या, नाहीतर वेगळ्या डोमेनवरून द्या.